घरी काय करायचं आणि काय विकतच घ्यायचं: कपडे आणि साफसफाईच्या द्रव्यांचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साबण, पावडर, लादी पुसायचं लिक्विड, संडासाचं लिक्विड यांवर दर महिन्याला बराच पैसा जातो. म्हणून चार महिन्यांपासून तुम्ही साबण किसून, त्यात धुण्याचा सोडा आणि बोरॅक्स घालून कपड्यांची पावडर घरीच करताय. बाकी सगळीकडे व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून वापरताय. आता टॉवेल कडक झालेत, पाणी टिपत नाहीत, पांढरे कपडे करडे दिसायला लागलेत. कृतीत काही चुकतंय की मुळात हे घरी करण्यात अर्थच नाही, असं तुम्ही विचारलंय.

अर्थ नक्की आहे. मी अठरा वर्षं डिटर्जंटच्या प्रयोगशाळेत काम केलं. मळवलेल्या कापडाचे तुकडे वेगवेगळ्या मिश्रणांत धुवायचे आणि ते किती उजळले ते यंत्रावर मोजायचं, हे तिथलं रोजचं काम. घरची साफसफाईची बहुतेक द्रव्यं मी त्याहूनही जास्त वर्षं घरीच करते आहे. पण त्यात कपड्यांची पावडर नाही. पैसे वाचतात ते चार-पाच साधे कच्चे पदार्थ सुटे घेऊन, प्रत्येकाला त्याच्या कामाला लावून आणि मोजून वापरल्याने. सगळं एका बरणीत कालवल्याने ते वाचत नाहीत, उलट टॉवेल बिघडतात.

आधी टॉवेलांचंच बघू. साबण तेलापासून किंवा चरबीपासून बनतो. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल, म्हणजे पाणी जड असेल, तर साबण कापडावरच्या मळाकडे जाण्याआधी त्यांना जाऊन चिकटतो आणि न विरघळणारा, मेणासारखा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी करडी चिकट रेघ उमटते ती हीच. तोच साका टॉवेलच्या धाग्यांवर थर धरतो, मळही त्यात अडकून बसतो, आणि सुती कापड मेणकापडासारखं वागायला लागतं.

किती साबण असा वाया जातो याचा हिशोब करता येतो. एका लिटरला ३०० मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापाने) जडपणा असलेलं २० लिटर पाणी घेतलं, तर त्यातलं कॅल्शियम साधारण ३६ ग्रॅम साबण गिळून टाकतं. तुमच्या कृतीप्रमाणे एका धुण्याला दोन मोठे चमचे पावडर पडते, आणि त्यात साबणाचा वाटा जेमतेम दहा ग्रॅम असतो. म्हणजे जड पाण्यात तो सगळाच्या सगळा साका होण्यात संपतो आणि मळासाठी काहीच उरत नाही. सोडा मदतीला असतो हे खरं. तेवढ्याच पाण्यातलं कॅल्शियम बाजूला करायला हिशोबाने साडेसहा ग्रॅम धुण्याचा सोडा पुरतो. पण थंड पाण्यात ते काम सावकाश होतं, आणि तोवर साबण आपला साका करून मोकळा झालेला असतो.

तुमचं पाणी जड आहे का, हे पाच मिनिटांत कळेल. पारदर्शक बाटली नळाच्या पाण्याने अर्धी भरा. अंगाचा सुगंधी साबण नको, साध्या साबणाचे दोन-तीन पातळ काप त्यात टाका आणि झाकण लावून जोरात हलवा. वर दाट फेस उभा राहिला आणि खालचं पाणी स्वच्छ दिसलं, तर पाणी हलकं आहे. फेस लगेच बसला, पाणी दुधट झालं आणि वर दह्यासारखे बारीक गठ्ठे तरंगले, तर पाणी जड आहे. शंका राहिली तर डिस्टिल्ड पाण्याची दुसरी बाटली शेजारी ठेवून तसंच करून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

मी स्वतः सुरुवातीला हीच किसलेल्या साबणाची पावडर वर्षभर वापरली होती. एक दिवस मशीनच्या दारातली रबरी कड उलटून पाहिली, तर आत करडा, लोण्यासारखा मऊ थर होता. नखाने खरवडला की मेणबत्ती खरवडल्यासारखा निघत होता आणि त्याला शिळ्या तेलाचा वास येत होता. तेव्हापासून मशीनमध्ये साबण बंद. बोरॅक्स त्याआधीच बंद केला होता. युरोपीय संघात तो प्रजननाला घातक पदार्थांच्या यादीत आहे, आणि तो जे काम करतो ते सोडा करतोच. मग घरात ठेवायचा कशाला?

आता मोठी बचत कुठे आहे ते सांगते. हर्बर्ट सिन्नर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ साली धुण्याची एक साधी मांडणी केली. धुणं चार गोष्टींवर चालतं: रसायन, पाण्याची उष्णता, चोळण्याचा जोर आणि वेळ. एक कमी केली की उरलेल्या तिघींपैकी कुठली तरी वाढवावी लागते. या चारांत वेळ फुकट आहे. रात्री भिजत घातलेल्या कपड्याला सकाळी निम्मी पावडर पुरते. अर्धा तास फवारून ठेवलेल्या फरशीला जोर लावून घासावं लागत नाही. घरखर्च कमी करायचा असेल तर सगळ्यात आधी भिजवण्याची सवय लावा, नव्या कृती नंतर शोधा.

दुसरी बचत मापाची. पाकिटातला चमचा काठोकाठ भरून टाकायची सवय सगळ्यांनाच असते. एकदा तो चमचा वजनकाट्यावर ठेवून पाहा. एका धुण्याला ७० ग्रॅम टाकत असाल तर किलोभर पावडर १४ धुण्यांना जाते. ४० ग्रॅमवर आलात तर तीच २५ धुण्यांना जाते. बाजारातल्या कुठल्याही स्वस्त पावडरीने किंवा घरच्या कृतीने एवढा फरक पडलेला मी पाहिलेला नाही. किती कमी करता येईल हे बघायला धुतलेले, वाळलेले टॉवेल नुसत्या पाण्यात मशीनला लावा. पाण्यावर फेस आला, तर तुमच्या कपड्यांत जुनी पावडर साठून राहिली आहे, म्हणजे माप बिनधास्त कमी करा. फेस नाही आणि कपड्यांनाही वास नाही, तर माप बरोबर आहे.

जड पाण्यात आणखी एक करायचं. एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आधी गरम पाण्यात पूर्ण विरघळवायचा, तो मशीनमध्ये किंवा बादलीत घालून दहा मिनिटं थांबायचं, आणि मगच नेहमीच्या निम्मी डिटर्जंट पावडर घालायची. सोडा कॅल्शियमला आधी गाठतो आणि डिटर्जंट मळासाठी मोकळं राहतं. मागेपुढे झालं तर निम्मा फायदा जातो. लोकर आणि रेशीम यांना मात्र सोडा अजिबात दाखवायचा नाही. दोन्ही प्रथिनांचे धागे आहेत आणि क्षाराने ते कमजोर होतात.

डिटर्जंट पावडर विकतच घ्या म्हणते, त्याचं कारण फक्त जड पाणी नाही. चांगल्या पावडरीत एंझाइम असतात: प्रथिनांचे डाग तोडणारे, पिष्टाचे (स्टार्चचे) तोडणारे, तेलाचे तोडणारे. रक्ताचा किंवा घामाचा डाग कोमट पाण्यातसुद्धा निघतो तो त्यांच्यामुळे, आणि ती घरी करता येत नाहीत. फळांच्या सालींपासून घरी जे ‘बायोएंझाइम’ करतात त्याबद्दल मला हमखास विचारतात. एक भाग साखर, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने आंबवायचं. ते करायला माझी काही हरकत नाही, साली तरी कामी येतात. पण शेवटी जे मिळतं ते सौम्य आंबट पाणी असतं आणि त्याची जी काही सफाई आहे ती त्यातल्या आम्लाची. पाण्याचे पांढरे डाग पुसायला ते चालेल. डागांवर धुण्याच्या पावडरीतल्या एंझाइमसारखं काम ते करत नाही. आणि करणार असाल तर झाकण घट्ट लावू नका, आंबताना वायू सुटतो आणि बाटली फुटते.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करायची सवय आजपासून सोडा. एक आम्ल, दुसरा क्षार. मिसळले की फसफसतं म्हणून ताकद असल्यासारखं वाटतं, पण तो फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. दोघांनी एकमेकांना संपवलं की खाली उरतं ते बऱ्याच पाण्यात थोडं सोडियम ॲसिटेट, म्हणजे एक मिठासारखा पदार्थ. दोन्ही पदार्थांचे पैसे जातात आणि हातात जवळपास पाणीच राहतं. साबणाच्या द्रावणात व्हिनेगर घातलं तर आणखी वाईट. साबण फुटतो, त्यातलं तेल वेगळं होतं आणि तवंग धरतं.

ज्याचं त्याचं काम वेगळं आहे, हे एकदा डोक्यात बसलं की सगळं सोपं होतं. तेलकट, चिकट मळाला क्षार लागतो. पाण्याच्या पांढऱ्या खवल्यांना आम्ल लागतं. चहासारख्या रंगीत डागांना ऑक्सिजन लागतो. यासाठी मी घरात धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा, सायट्रिक ॲसिड आणि सोडियम परकार्बोनेट ठेवते. जोडीला भांड्यांचं साधं लिक्विड. एवढ्यात नव्वद टक्के घर निघतं.

स्वयंपाकघरातला तेलाचा राप, चिमणीची जाळी, ओट्यामागच्या फरशा यांना एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब. फडक्याने लावायचं, दहा मिनिटं तसंच ठेवायचं, मग पुसून काढून साध्या पाण्याचं फडकं फिरवायचं. हातमोजे घाला, सोडा हाताचं तेल ओढून घेतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आणि जाळ्यांना हे लावू नका, काळी पडतात. पॉलिश केलेल्या लाकडालाही नको.

धुण्याचा सोडा मिळत नसेल तर खाण्याच्या सोड्यापासून तो घरी करता येतो, आणि ही कृती मला फार आवडते, कारण ती वजनाने तपासता येते. खाण्याचा सोडा ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर ठेवायचा, मध्ये एकदा हलवायचा. त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. १०० ग्रॅम ठेवला असेल तर काढताना तो ६३ ग्रॅम भरला पाहिजे. ७० भरला तर अजून कच्चा आहे, परत आत ठेवा. ताट ॲल्युमिनियमचं नको. तयार झालेला सोडा हाताला लागू देऊ नका आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कारण तो हवेतली ओल ओढतो. पण धुण्याचा सोडा सरळ विकत मिळत असेल तर तोच स्वस्त पडतो. ओव्हनच्या विजेचाही हिशोब धरायला हवा.

खाण्याचा सोडा तसाच कोरडा उत्तम. तो मऊ खरवड आहे, काचेहून कितीतरी मऊ, त्यामुळे सिंक, बेसिन, कपातले चहाचे डाग यांवर ओल्या फडक्याने घासला तर चरे पडत नाहीत. ॲक्रिलिकवर मात्र आधी कोपऱ्यात करून बघा.

न्हाणीघरातले पांढरे डाग, नळ, शॉवरची जाळी, काचेचं दार यांना सायट्रिक ॲसिड. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम विरघळवा आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक छोटा चमचा घाला. इथे साबण चालत नाही, आम्लात तो फुटतो. भांड्यांचं लिक्विड कृत्रिम असल्याने टिकतं. फवारा, पंधरा मिनिटं थांबा, घासणी फिरवा, धुऊन टाका. किटलीत किंवा गीझरच्या सुट्या भागांत साचलेल्या खवल्यांसाठी लोक हेच पाणी उकळतात, ते चुकतं. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट खाली बसतो आणि एका खवल्याच्या जागी दुसरा येतो. कोमट पाणी आणि जास्त वेळ, हे बरोबर. संगमरवर आणि चुनखडीचे दगड यांना आम्लाचा थेंबही लागू देऊ नका. तिथली चमक कायमची जाते, आणि अशा फरशा बिघडवून नंतर हळहळणारी बरीच माणसं मला भेटली आहेत.

हेच सायट्रिक ॲसिड कपड्यांच्या सॉफ्टनरच्या जागी चालतं. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅमचं द्रावण करून ठेवायचं आणि शेवटच्या खळबळीला १०० मिलिलिटर टाकायचं. कापडात राहिलेला क्षार आणि कॅल्शियम त्याने निघतं आणि टॉवेल मोकळा होतो. विकतचा सॉफ्टनर धाग्यांवर बुळबुळीत थर चढवतो, त्यामुळे हाताला मऊ लागतं पण पाणी टिपणं कमी होतं. टॉवेलांना तो कधीच घालू नये. सायट्रिकचंही दर धुण्याला काम नाही, चार-पाच धुण्यांनी एकदा पुरतं.

सोडियम परकार्बोनेट हा या सगळ्यांतला माझा सगळ्यात लाडका पदार्थ. ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून ज्या महागड्या डागकाढू पावडरी मिळतात त्यांचा मुख्य घटक हाच असतो. सुटा घेतला तर बराच स्वस्त पडतो. पाण्यात गेला की त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, आणि पेरॉक्साइड रंगाचा रेणू तोडून शेवटी पाणी आणि ऑक्सिजन होऊन संपतो. थंड पाण्यात तो सुस्त असतो. ४० ते ६० अंशांच्या पाण्यात, म्हणजे चांगल्या कोमट ते हाताला चटका बसेल इतक्या गरम पाण्यात, खरं काम करतो. पाच लिटरला एक मोठा चमचा घाला, पांढरे सुती कपडे दोन-तीन तास बुडवून ठेवा. बारीक बुडबुडे येताना दिसतील. लोकर-रेशमाला नको, रंगीत कपड्यांचा आतला कोपरा आधी तपासा. आणि एक पक्कं लक्षात ठेवा: पाण्यात कालवलेला परकार्बोनेट बंद बाटलीत कधीही भरून ठेवायचा नाही. ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते. लागेल तेव्हा, लागेल तेवढाच.

काचेसाठी फार काही लागत नाही. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब. दोन घातलेत तर रेघा उठतात.

भांड्यांचं लिक्विड घरी करावं का? करता येतं. पण कच्चा माल थोडा थोडा घ्यावा लागला तर बचत फारशी उरत नाही. दोन-तीन घरांनी मिळून केलं तर परवडतं. मी एक लिटरला १५० ग्रॅम एसएलईएस (सोडियम लॉरेथ सल्फेट, फेस आणि सफाई करणारा मुख्य पदार्थ) घेते, म्हणजे ७० टक्क्यांची घट्ट पेस्ट मिळते ती. त्यात ५० ग्रॅम कोको बीटेन (सफाई करणारा दुसरा, सौम्य पदार्थ), दहा ग्रॅम फेनॉक्सीइथेनॉल (लिक्विड टिकवणारं), बाकी पाणी आणि शेवटी मीठ. हातखंडा लागतो तो पेस्ट विरघळवण्यात. पेस्टवर पाणी ओतलं की तिचा आणखी घट्ट लगदा होतो आणि गुठळ्या तासन्‌तास फिरत राहतात. म्हणून पाणी आधी घ्यायचं, त्यात पेस्ट चमच्याचमच्याने सोडायची आणि न ढवळता रात्रभर झाकून ठेवायची. सकाळी बहुतेक आपोआप विरघळलेली असते. मग बीटेन आणि फेनॉक्सीइथेनॉल घालून हलक्या हाताने फिरवायचं, नाहीतर भांडंभर फेस. पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचं माप, पट्टीने बघून सायट्रिकच्या चिमटीने तो सहा-सातवर आणायचा. मीठ थोड्या पाण्यात विरघळवून छोट्या चमच्याने घालत जायचं. प्रत्येक चमच्याला द्रव दाटत जातो, आणि एका टप्प्यानंतर अचानक पुन्हा पातळ आणि ढगाळ होतो. तो टप्पा यायच्या आधी, साधारण १५ ते २० ग्रॅमच्या आत, थांबायचं. दाटपणाचा आणि सफाईचा काही संबंध नाही हेही सांगून ठेवते. तो फक्त हातातून घरंगळू नये म्हणून. फेनॉक्सीइथेनॉल वगळू नका. पाणी असलेल्या कुठल्याही मिश्रणात ते टिकवणारं काही नसेल तर थोड्या दिवसांत जंतू वाढतात, वास येण्याच्या बऱ्याच आधी.

खरोखरीचा साबण करायची हौस असेल तर तीही पुरवा, फक्त मशीनसाठी नको. कॉलर, बाह्या, फडकी हाताने घासायला खोबरेल तेलाचा साबण झकास होतो. त्याला जड पाण्यात इतर साबणांपेक्षा बरा फेस येतो, इतका की समुद्राच्या पाण्यात अंघोळ करणाऱ्या खलाशांसाठी पूर्वी तोच बनवत. एक किलो तेलाला १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि ३६० ग्रॅम पाणी. सगळं वजनाने घ्यायचं, वाटी-चमच्याने अजिबात नाही. दहा ग्रॅम कॉस्टिक जास्त पडला तर साबण कातडी सोलवटतो. इतर कुठल्या तेलाला हे प्रमाण लावू नका, प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळा लागतो. ऑलिव्ह तेलाच्या एका किलोला १३५ ग्रॅमच्या आसपास.

कॉस्टिक नेहमी पाण्यात सोडायचा. पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही, ते उसळून तोंडावर येतं. द्रावण स्वतःहून ९० अंशांपर्यंत तापतं, म्हणून पातेलं स्टीलचं, खिडकी उघडी, डोळ्यांवर पूर्ण झाकणारा चष्मा, हातात मोजे. ॲल्युमिनियमचं भांडं वापरलंत तर ते विरघळायला लागतं आणि हायड्रोजन सुटतो. मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत. अंगावर उडालंच तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धरा. व्हिनेगर चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठा. तेल आणि कॉस्टिकचं द्रावण दोन्ही ४० अंशांच्या आसपास आले की मिसळून ढवळायचं. काठीवरून पडणारी धार वर नक्षीसारखी उठून दिसायला लागली की साच्यात ओतायचं. खोबरेलाचा साबण लवकर कडक होतो, त्यामुळे चार-पाच तासांनी अजून मऊ असतानाच वड्या पाडा, दुसऱ्या दिवशी सुरीखाली तुकडे उडतात. मग चार आठवडे हवेशीर जागी ठेवायचा.

जंतू मारायचं काम मात्र घरच्या कुठल्याच मिश्रणावर सोपवू नका, विशेषतः घरात कोणी आजारी असेल तेव्हा. व्हिनेगर त्यासाठी भरवशाचं नाही. साधा ब्लीच, म्हणजे क्लोरीनवालं सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण, पुरतो आणि तो स्वस्तच आहे. पाच टक्क्यांचा ब्लीच असेल तर २० मिलिलिटर घेऊन पाण्याने एक लिटर करायचं. म्हणजे ०.१ टक्क्याचं द्रावण होतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने पृष्ठभागांसाठी हेच प्रमाण सांगितलं होतं. आधी मळ धुवायचा, मग हे लावायचं आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. मळक्या जागेवर लावलेला ब्लीच मळाशी झुंजण्यातच संपतो. द्रावण रोज ताजं करा, ते टिकत नाही.

ब्लीचमध्ये दुसरं काही म्हणजे काहीच मिसळायचं नाही. व्हिनेगर किंवा सायट्रिक पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया पडला तर क्लोरामाइन. स्पिरिटही नाही. मी एकदा न्हाणीघराची फरशी सायट्रिकने धुतली आणि नीट पाणी न मारता त्याच मोरीत ब्लीच ओतला. दोन श्वासांत घसा आवळला, डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. दार उघडून बाहेर पळाले म्हणून निभावलं, पण छाती दोन दिवस दुखत होती. अठरा वर्षं रसायनांत काम केलेल्या बाईकडून हे झालं, आणि तेही घाईत. तेव्हापासून माझ्याकडे आम्लाचा दिवस वेगळा आणि ब्लीचचा वेगळा. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एका बाटलीत भरणंही टाळा, त्यातून परॲसेटिक ॲसिड तयार होतं आणि ते डोळ्यांना-फुप्फुसांना झोंबतं.

प्रत्येक बाटलीवर आत काय आहे, किती प्रमाणात, कुठल्या तारखेचं हे न पुसणाऱ्या शाईने लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटल्या यासाठी वापरू नका, कितीही धुतलेल्या असल्या तरी. पाहुण्यांची मुलं बाटलीच्या आकारावरून ओळखतात, चिठ्ठी वाचून नाही. सुगंधासाठी तेलं घालायची असतील तर घरात मांजर नाही ना बघा, टी ट्रीसारखी तेलं मांजरांना विषारी असतात. मी तर सुगंध घालतच नाही, तो सगळ्यात महाग घटक असतो आणि सफाईत त्याचा वाटा शून्य.

आता तुमचे टॉवेल. फेकू नका, ते सुटतात. मोठ्या बादलीत जितकं गरम पाणी त्या कापडाला चालेल तितकं घ्या. त्यात तीन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, दहा मिनिटांनी नेहमीच्या धुण्याएवढी डिटर्जंट पावडर घाला आणि टॉवेल बुडवून चार-पाच तास ठेवा. मधून मधून काठीने खालीवर करा. पाणी गढूळ, राखेच्या रंगाचं होईल. ते चार महिन्यांचं साठलेलं आहे, घाबरू नका. ते ओतून टाका, साध्या पाण्यातून दोनदा खळबळून काढा आणि शेवटच्या पाण्यात सायट्रिकच्या द्रावणाचे १०० मिलिलिटर घालून दहा मिनिटं ठेवा. पांढऱ्या सुती कपड्यांना हेच करा, फक्त सोड्याबरोबर दोन मोठे चमचे परकार्बोनेटही टाका आणि सायट्रिकच्या पाण्याआधी ते पूर्ण धुऊन काढा. मशीनही एकदा रिकामं, सर्वांत गरम पाण्यावर, शंभर ग्रॅम सोडा घालून चालवा आणि दारातली रबरी कड उलटून पुसून घ्या.

टॉवेल पूर्ण वाळले की एकावर बोटाने पाण्याचा थेंब सोडा. थेंब मोत्यासारखा वर उभा राहिला तर साका अजून आत आहे, आणखी एकदा भिजवा. माझ्या टॉवेलांना तीन वेळा लागलं होतं. टेकताक्षणी आत पसरला तर झालं, पुढच्या धुण्यापासून ४० ग्रॅमवर या.